मागच्या कोपऱ्यातली गळती

शेवटचा बोल्ट निघाला आणि त्याचे हात एकदम हळू झाले. इतका वेळ सटासट पाना फिरवणारा माणूस, पण इंजिनावरचे झाकण उचलायची वेळ आली तेव्हा खाली कोणी झोपले असावे तसे त्याने ते दोन्ही हातांनी अलगद उचलले. धाकटी पुढच्या चाकापाशी पालथ्या क्रेटवर उभी राहून बोनेटखाली बॅटरीचा उजेड धरून होती.

"उजेड इकडे धर," तो म्हणाला. "मागे नको."

तेल गळत होते ते मागूनच. तरी बॅटरी त्याने पुढे धरायला लावली, हे तिच्या लक्षात आले. शिवणकामात हयात गेलेली बाई ती, कापड कुठे ओढ घेतेय हे तिला लांबूनही कळायचे.

धाकटी हे नाव तिला वन्संनी दिलेले. तिच्याआधी या घरात होती ती थोरली, त्याची पहिली बायको. थोरली आजाराने गेली तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती, आणि धाकटी आता चाळिशीला टेकलेली. पण थोरली ती थोरली. हयात नसलेल्या माणसाला बरे असते. वय वाढत नाही आणि मान कमी होत नाही.

पिकअप थोरलीची. म्हणजे कागदावर नाव त्याचे, पण रोपवाटिका तिने मांडली, ही जुनी गाडी तिने पसंत केली आणि चालवायचीही तीच. ड्रायव्हरच्या सीटवर अजून तिने शिवलेले कव्हर होते, टाके वाकडे, शिवण एका बाजूला पळालेली. धाकटीने नवे शिवून दिले होते, जाड कापडाचे, कडेने नेटकी पट्टी लावलेले. "इतकं छान आहे, जपून ठेवू," असे म्हणून त्याने ते कपाटात टाकले होते. सवत मातीचीही सोसवत नाही म्हणतात. हिच्या नशिबी आली ती लोखंडाची, चार चाकांवर दारात उभी आणि वरून तेल पिणारी.

दरसाल तो घरीच त्या झाकणाखालचे रबरी पॅकिंग बदलायचा. गॅरेजमधल्या माणसाला बोनेटला हात लावू द्यायचा नाही. काही महिने बरे जायचे आणि मग त्याच मागच्या कोपऱ्यातून तेल झिरपू लागायचे, तापलेल्या पाइपावर पडायचे आणि धूर केबिनमध्ये शिरायचा. गेल्या आठवड्यात चढावर इतका धूर कोंडला की तिने चालत्या गाडीचे दार उघडले. तो हसला होता. ती हसली नव्हती.

"या वेळी मी समोर उभी राहणार," तिने सांगितले होते. "आणि परत गळली तर मी या गाडीत पाय ठेवणार नाही. तुम्ही आणि तुमची गाडी."

म्हणून आज ती क्रेटवर होती.

जुने पॅकिंग रबराचे राहिलेच नव्हते, हात लावताच वाळल्या शेंगेसारखे कडाकड मोडले. त्याने आतल्या भोकांत चिंध्या कोंबल्या, आणि पत्र्याची पट्टी घेऊन कड खरवडायला लागला. पुढची कड त्याने आरशासारखी केली. दोन्ही बाजू केल्या. मागच्या कोपऱ्याशी आला आणि पट्टी खाली ठेवून हात पुसू लागला.

"झालं."

"मागचं राहिलं की."

"तिथं हात जात नाही."

मघाशी तिथलाच बोल्ट काढायला बरा गेला होता. धाकटीने बॅटरी मागे वळवली. कोपऱ्यात जुन्या गमचा एक राखाडी गोळा वाळून बसला होता, अर्धा कडेवर, अर्धा बाहेर ओघळलेला. नवे पॅकिंग या गोळ्यावर चढून बसत असणार. सपाट बसतच नसेल तर गळेल नाही तर काय करेल? ती आणखी वाकली. गोळ्यावर अंगठा उमटला होता. रेघन्‌रेघ दिसत होती.

"हा कोणाचा?"

तो पाना पुसत राहिला. पाना स्वच्छ होता.

"तिचा," तो म्हणाला. "पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून केलं होतं हे काम. मी म्हटलं होतं, वाळेपर्यंत दाबून धर. ती खरंच तेवढा वेळ धरून बसली."

"आणि तुम्ही दर वेळी तेवढं सोडून खरवडता."

"राहून जातं."

"राहून जातं!"

"पॅकिंग आणतो," असे म्हणून तो घरात गेला. नवे पॅकिंग पिशवीतच, मडगार्डवर, तिच्या कोपराशी पडले होते.

आता ती आणि गोळा. इतकी वर्षे तिने जो धूर गिळला, अंगावरच्या कपड्यांना जो जळका वास येत राहिला, दारातल्या फरशीवरचा जो काळा डाग ती गुडघे टेकून घासत राहिली, त्या सगळ्याचे मूळ एवढेसे होते. माणूस फोटो ठेवतो, एखादी साडी ठेवतो. याने गळती ठेवली होती! तिने कमरेच्या बटव्यातून सुयांची डबी काढली, डबीतले दोरा कापायचे ब्लेड काढले. तुकडे तुकडे करायचे, असेच तिने ठरवले होते.

ब्लेड टेकवण्याआधी, का कोण जाणे, तिने आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. तो दोन्ही बाजूंनी बाहेर आला.

वन्संच्या बोलण्यातली थोरली एकटीने खताची पोती उतरवायची. ती हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचे. अशी उंच, हाडापेराने मजबूत बाई धाकटीने मनात उभी करून ठेवली होती आणि तिच्याशी ती रोज भांडत होती. हा अंगठा शाळेतल्या पोरीचा वाटत होता. आता धड रागही धरता येईना, आणि या गोष्टीचा तिला आणखी राग आला.

मग तिने शिवण उसवावी तसे ब्लेड खालून सरकवले. घाई केली नाही. ठसा अख्खा सुटून आला. तो तिने डबीत सुयांच्या बाजूला ठेवला, झाकण लावले आणि उरलेला गम लोखंड दिसेपर्यंत खरवडून काढला.

तो परतला तेव्हा त्याच्या हातात चहाचे दोन कप होते. कप मडगार्डवर ठेवून तो बोनेटखाली वाकला. कोपऱ्यावरून त्याने बोट फिरवले, पुन्हा एकदा फिरवले.

"निघालं," तो म्हणाला.

"निघालं."

तिला वाटले, आता विचारेल. विचारू दे, मग सांगते चांगलेच. पण त्याने विचारले नाही. गार होईस्तोवर चहा हातात धरून उभा राहिला. विचारले असते तर निदान भांडता तरी आले असते.

नवे पॅकिंग त्याने बसवले. पुढच्या कोपऱ्यांत गम लावला आणि ट्यूब तिच्यापुढे केली.

"मागे तू लाव. तुझा हात बारीक आहे."

बारीक म्हणे! तिने गम लावला. झाकण बसल्यावर कडेने थोडा बाहेर आला, तो तिने अंगठ्याने दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा तिथे तिच्या रेघा होत्या, चांगल्या रुंद, ठसठशीत. तिला मनापासून आनंद झाला. मग तिने चिंधी घेतली आणि कड पुसून सपाट केली.

"का पुसलंस?"

"उद्या तिसरी आली तर तिला खरवडत बसायला नको."

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिले. मग मधल्या बोल्टपासून सुरुवात करून, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, थोडा थोडा करत त्याने सगळे बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी मागे रोपे भरून ते निघाले. चढ आला. तिने सवयीने नाकाला पदर लावला. धूर आला नाही. जळका वास आला नाही. नुसता मागच्या रोपांचा ओला वास होता. माथ्यावर पोचल्यावर मात्र त्याने गाडी बाजूला घेतली.

"एकदा बघून घेतो."

बोनेट वर गेले आणि तो दिसेनासा झाला. सपाट कड बघायला माणसाला किती वेळ लागतो? ती बसून राहिली. मग तिच्या ध्यानात आले, तो तेल बघत नव्हता. तिला कालचा राग पुन्हा आला. डबी मांडीवरच्या पिशवीत होती. ती द्यायची नाही, हे तिने रात्रीच ठरवून टाकले होते. आपल्याकडे असे त्याचे एक तरी काही राहू दे, जे त्याला मागावे लागेल.

ती खाली उतरली. तो कोरड्या कोपऱ्यावर हात ठेवून उभा होता.

"अहो."

त्याने मान वर केली. तिने डबी उघडून पुढे धरली.

तेलकट बोट त्याने ठशाजवळ नेले, पण टेकवले नाही.

"एवढासाच होता?" तो म्हणाला.

"हो. मलाही ती मोठी वाटायची."

मागून एक गाडी येऊन पुढे निघून गेली. त्याने डबीचे झाकण लावले आणि डबी तिच्या हातात परत दिली.

"तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडून हरवेल."

बोनेट आपटून बंद करून तो गाडीत जाऊन बसला. ती आपल्या जागी बसली. डबी पिशवीत टाकली, परत काढली, झाकण नीट बसले आहे का ते दाबून पाहिले आणि मग मुठीतच धरून ठेवली.

"घरी गेल्यावर ते नवं कव्हर काढ कपाटातलं," त्याने गाडी सुरू करत म्हटले.

"बघू," धाकटी म्हणाली. "आधी या जुन्याचे टाके घट्ट करते. उसवायला आलेत."