काडेचिराईत

गुरुदत्तनं काळुरामचं बोट स्पिरिटनं पुसलं, सुई टोचली आणि वर आलेला थेंब काचेवर टिपला. त्यावर दुसरी पातळ काच अलगद टेकवली आणि काळुरामकडे न बघताच तो खिडकीशी मांडलेल्या सूक्ष्मदर्शकाकडे वळला.

"झालं का साहेब?"

"आत्तापुरतं झालं. दिवेलागणीला आणखी एकदा."

"घ्या की. रगात काय, खाणीत रोजच सांडतंय." काळुरामनं बोट तोंडात धरलं आणि घोंगडी खांद्यावर ओढून तो भिंतीला टेकला.

कल्याणातल्या गुरुदत्तच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत हिवतापानं आजारी काळुराम तीन दिवस राहिला होता. बायको तुळसा त्याच्या उशाशी बसलेली असे. दोघं जुन्नरकडून घाट उतरून टिटवाळ्याला रेल्वेच्या खडीच्या खाणीवर कामाला आलेली. दोन वर्षांपूर्वी गुरुदत्त पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा मुकादमानं काळुरामला त्याच्याबरोबर दिलं होतं. जमीन खोल उकरली की आतून काहीतरी दूषित बाहेर पडतं आणि हिवताप पसरतो, असं त्या काळी पुष्कळ शहाण्या माणसांना वाटत होतं, गुरुदत्तलाही वाटत होतं. म्हणून खाणीतला मुरूम किती हात, त्याखालचा काळा दगड किती हात, पाणी कुठं झिरपतं, हे सगळं तो मोजून घेई. दगडांची नावं काळुरामला ठाऊक नव्हती, पण एक थर संपून दुसरा कुठं सुरू होतो हे तो पहारीच्या आवाजावरून सांगे. दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक सापडले की फडक्यात बांधून ठेवी. या माणसाची आपल्याला सवय झाली आहे, हे गुरुदत्तला माहीत होतं.

भिंगाखाली रक्तातल्या तांबड्या पेशी नाण्यांसारख्या पसरल्या होत्या. त्यातल्या एकीत एक बारीक कडं होतं. सकाळच्या थेंबात असं कडं सुईच्या टोकाएवढं होतं, आता निम्मी पेशी त्यानं व्यापली होती आणि त्याच्यात काळे कण हलत होते. हे कडं पेशीला आतून खातं, वाढतं, त्याचे तुकडे होतात, पेशी फुटते आणि त्याच वेळी माणसाला हुडहुडी भरते, असं परदेशातल्या विद्वानांनी लिहिलं होतं. इकडच्या कुणी ते तासातासाला पाहून चितारलं नव्हतं.

कोयनेल, म्हणजे क्विनीन, दिलं की दोन दिवसांत ही कडी रक्तातून नाहीशी होतात. म्हणून त्यानं ते दिलं नव्हतं. कपाटात कोयनेलच्या पुड्या होत्या. तुळसाच्या हाती त्यानं जी बाटली दिली होती तिच्यात काडेचिराइताचा काढा होता. तो कडू होता एवढंच, हा ताप त्यानं मोडत नसे. दिवसातून तीनदा ती नवऱ्याला तो पाजत होती.

संध्याकाळी उत्तरा चित्रं रंगवायला बसली. गुरुदत्त पेन्सिलीनं आकार काढी आणि त्याची बायको त्यात जलरंग भरी. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका होता.

"त्याला कोयनेल कधी देणार?" तिनं विचारलं.

"तापाची एक पाळी आणखी बघू दे. साधा एकाआड दिवसाचा ताप आहे. या तापानं सहसा कुणी जात नाही."

उत्तरानं कुंचला पाण्यात बुडवला आणि पुष्कळ वेळ ढवळत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी भिंगाखाली त्याला चंद्रकोर दिसली. पेशींच्या गर्दीत एकटीच, दोन्ही टोकं निमुळती, मध्ये काळ्या कणांचा पुंजका. त्यानं उत्तराला हाक मारली, स्वतः बाजूला होऊन तिला भिंगाशी बसवलं आणि तिच्या मागं उभा राहून विचारलं, "दिसली? दिसली का?" ही कोर ज्या तापात आढळते तो साधा नसतो, फसवा आणि जिवावरचा असतो, हे त्यानं वाचलं होतं. ते त्या क्षणी आठवलं नव्हतं असं नाही. पुढं कितीतरी दिवस त्याला आठवत राहिला तो मात्र स्वतःचाच आनंदी आवाज.

पाचव्या दिवशी काळुरामचा ताप उतरला होता. सात वर्षांची मुलगी जया शेजाऱ्यांकडे होती, तिच्यासाठी तो घरी जायचं म्हणू लागला.

"जा," गुरुदत्त म्हणाला. "बाटली घेऊन जा, चुकवू नकोस. परवा मात्र ये. परवापासून दुसरं औषध देतो."

त्यावेळी कपाट उघडून चार पुड्या त्याच्या हातावर ठेवता आल्या असत्या. रक्तातल्या चंद्रकोरी दोन दिवसांनी किती वाढतात ते गुरुदत्तला पाहायचं होतं.

परवा काळुराम आला नाही. खाणीवरचा माणूस निरोप घेऊन आला. आदल्या दुपारी त्याला पुन्हा हीव भरलं होतं, मग तो ओळख विसरला, आणि दिवस मावळायच्या आत गेला.

गुरुदत्तनं निबंध पूर्ण केला. एकदा वाटलं सगळे कागद चुलीत घालावेत, पण मग काळुरामचं जाणं अगदीच वाया गेलं असं होईल, असं त्यानं स्वतःला समजावलं. हे समजावणं किती सोयीचं आहे तेही त्याला कळत होतं. शेवटचं चित्र उत्तरानं रंगवलं नाही. तिनं रंगाची पेटी त्याच्या मेजावर आणून ठेवली. चंद्रकोरीचं चित्र त्यानं स्वतःच रंगवलं आणि खाली लिहिलं, 'रोगी सातवा. खाणकामगार, वय सुमारे तीस. घरी गेल्यावर दगावला.' 'घरी गेल्यावर' हे दोन शब्द त्यानं एकदा खोडले आणि पुन्हा लिहिले.

महिन्याभरानं मुंबईहून पत्र आलं. डॉक्टरांच्या सभेत निबंध वाचायला त्याला बोलावलं होतं. पत्र वाचून तो घडी घालत होता तोच ओसरीवर तुळसा येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं, हातात फडक्याचं गाठोडं.

"ह्ये त्यांनी तुमच्यासाठी ठिवलं हुतं," ती म्हणाली आणि गाठोडं सोडून तीन दगड फरशीवर मांडले. काळ्या दगडाच्या पोटात पांढरे, सुईसारखे स्फटिक होते. "मागल्या आठवड्यात माळ्यावर गावलं. म्हटलं, तुमचं तुमास्नी द्यावं."

गुरुदत्तनं हातातलं पत्र खिशात ठेवलं. "बस," तो म्हणाला.

ती बसली नाही. "येक इचारायचं हुतं, साहेब. खरं सांगाल?"

"विचार."

"घरी गेल्यावर त्यांनी औषध घ्येतलंच न्हाई. कडू लागतं म्हणाले, बरं वाटतंय म्हणाले. म्या बी जोर केला न्हाई. दुसऱ्या दिशी देवऋषाकडं न्हेलं. दोन दीस बाटली तशीच ऱ्हायली." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "त्येच्यानंच गेले ना?"

"नाही," गुरुदत्त म्हणाला. "त्यानं नाही गेला. तुझी काही चूक नाही."

"तुमी मनानं मोठं, म्हणून म्हणताय."

"तसं नाही, तुळसा—"

"मला ठावं हाय. पर या बारीला म्या चुकायची न्हाई. जयाला ताप हाय चार दीस. येक घोट चुकू दिला न्हाई. त्यांचीच बाटली हाय, अर्ध्याहून जास्त उरल्याली."

गुरुदत्त उठला. कपाट उघडून त्यानं पुड्या काढल्या, मोजल्या नाहीत, मूठभर पिशवीत टाकल्या. आतल्या दारात उत्तरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हे चांगलं, नवीन औषध आहे असं सांगून मोकळे होऊ नका," ती हलकेच म्हणाली. त्याच्या मनात नेमकं तेच होतं.

दुपारच्या गाडीनं दोघं टिटवाळ्याला उतरली. स्टेशनापासून खाणीपर्यंत तुळसा पुढं आणि तो चार पावलं मागं. वाटेत बोलायचं म्हणून त्यानं दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा ती थांबली, मागं वळून पाहिलं, आणि तो म्हणाला, "काही नाही. चल."

खोपटात जया गोधडीवर पडली होती, तिच्याजवळ बसलेली शेजारीण उठून घरी गेली. डोळे उघडे, ओठ सुकलेले. गुरुदत्तनं तिची नाडी पाहिली, पोटावरून हात फिरवला. डाव्या बरगडीखाली तापानं वाढलेली पानथरी, प्लीहा, हाताला लागत होती. पण पोरगी हाकेला ओ देत होती. वेळ गेलेली नव्हती.

मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. सारवलेल्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. खाली कोनाड्यात बाटली.

"ह्या कसल्या रेघा?"

"येका घोटाला येक रेघ," तुळसा म्हणाली. "इसरू नाय म्हणून. मोजा तुमी. येक बी कमी न्हाई."

गुरुदत्तनं मोजायला सुरुवात केली आणि नवव्या रेघेशी तो थांबला. तो पोरीच्या गोधडीपाशी खाली बसला.

"तुळसाबाई, त्या बाटलीत औषध नाही."

तिनं बाटलीकडे पाहिलं.

"काडेचिराईत आहे नुसतं. ताप मोडायचं औषध माझ्या कपाटात होतं. ते मी दिलं नाही. त्याच्या रक्तात ताप कसा वाढतो ते मला बघायचं होतं. औषध दिलं असतं तर दिसलं नसतं. तू बाटली पाजली असतीस तरी तो गेला असता. तो माझ्यामुळे गेला."

बाहेर खाणीत कुणीतरी दगडावर हातोडा घालत होतं. ठोक्यामागून ठोका येत होता. कोनाड्यातली बाटली तुळसानं उचलली, उजेडाला धरून पाहिली आणि पुन्हा होती तिथंच ठेवली. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"ते तुमास्नी देव म्हनायचे," ती शेवटी म्हणाली.

गुरुदत्तनं मान वर केली नाही. पिशवीतून एक पुडी काढली, निम्मी वाटीत ओतली, वर पाणी घालून बोटानं ढवळली आणि वाटी पुढं केली. "हे खरं औषध आहे. हिला लगेच दे. कडू असतं, पण पाज."

"ते बी कडूच हुतं," तुळसा म्हणाली.

वाटी तिनं घेतली नाही. त्याचा हात तसाच पुढं राहिला. त्याच्या लक्षात आलं की हेच खरं औषध आहे हे पटवून द्यायला आता त्याच्यापाशी काहीच नाही. शब्द तर नाहीच.

"आधी तुमी घ्या."

त्यानं वाटी तोंडाला लावली आणि सगळी रिकामी केली. तुळसा त्याच्या गळ्याकडे बघत होती, घोट खाली उतरेपर्यंत. मग तिनं आपल्या हातानं नवी पुडी सोडली, तो म्हणाला तेवढीच वाटीत टाकली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंबथेंब करून पाजलं. जयानं तोंड वेडंवाकडं केलं. तुळसानं पदरानं तिचे ओठ पुसले.

"उद्या दोनपारी हिची तापाची पाळी हाय," ती म्हणाली. "तवर हितंच बसा."

"सहाच्या गाडीनं मला—" गुरुदत्तनं सुरुवात केली आणि तो थांबला. त्यानं बूट काढले, ते दाराबाहेर नेऊन ठेवले आणि परत आत येऊन भिंतीशी बसला.

तुळसानं पोरीचं डोकं गोधडीवर टेकवलं. मग उठून ती उंबऱ्यात जाऊन बसली, वाट अडवून.