चौकशीला आलेला माणूस

लग्नाच्या चौकशीला येणारा माणूस सांगून येत नाही. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतली ही रीतच आहे. मुलाकडचे आधी कुणीतरी परका माणूस पाठवतात. तो इकडचं तिकडचं विचारतो, कॉफी पितो, निघून जातो. म्हणून सौम्याला स्थळ बघणाऱ्या सुब्बारावमामांनी तिच्या आईला बजावून ठेवलं होतं, "कौशल्या, कुणी आलं तर हातचं राखून बोलू नको."

ती कसली राखते! इस्त्रीचा शर्ट घातलेला एकजण दारात आला, "अक्का, घराची स्वल्प माहिती पाहिजे," म्हणाला, आणि कौशल्याने भाड्याची खोली स्वतःची करून टाकली. दारातली घरमालकाची कार नवऱ्याची झाली. सर्जापूर रोडवर वॉचमन असलेला हा नवरा, व्यंकोजी, मॅनेजर झाला. माणूस मोबाईलवर टिपून घेत होता. पोरीच्या संसारासाठी आई खोटं बोलली तर देव रागावत नाही, असं तिला वाटलं. सरकारी माणूस इतकं गोड बोलतो हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार?

पुढच्या महिन्यात रेशन दुकानात तिने अंगठा लावला. दुकानदार शिवकुमार म्हणाला, "अक्का, कार्ड रद्द झालंय. तुमच्याकडे कार आहे म्हणे." त्या भागातली पुष्कळ कार्डं तशीच कापली होती. गरीब खरं बोलला तर त्याच्याकडे शंभर दाखले मागतात. खोटं बोलला की लगेच पटतं.

आणि वेळ तरी कसली! व्यंकोजी पाठ दुखावून अंथरुणाला खिळलेला, पगार बंद. साडीच्या दुकानात घड्या घालून सौम्या जे आणायची ते औषधातच जायचं, कौशल्याचं धुणीभांड्यांचं भाड्यात. पोटाला आधार होता तो रेशनच्या तांदळाचाच. कौशल्या मूठभर तांदळाची पातळ पेज करायची, "डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय," म्हणून नवऱ्याला द्यायची आणि "मी कामावर जेवले" म्हणून स्वतः पाणी प्यायची.

गल्लीतल्या यल्लव्वाने बायका गोळा केल्या. प्रत्येकीने तांदळाचा रिकामा डबा घेऊन रेशनच्या कचेरीपुढे बसायचं, कार्ड परत मिळेपर्यंत तो वाजवायचा. कौशल्या नाही म्हणाली. लोक व्हिडिओ काढणार, तो मुलाच्या आईपर्यंत, लक्ष्मीदेवींपर्यंत जाणार. त्यांचं इलेक्ट्रॉनिक सिटीकडे दुमजली घर, दारात कार. सौम्याला बघायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. स्थळ जवळजवळ ठरलं होतं.

पण एका सकाळी कौशल्याने व्यंकोजीला पेजेचं पातेलं बोटाने निपटून चाटताना पाहिलं. तिला पाहताच त्याने पातेलं पांघरुणाखाली लपवलं. तिने डबा उचलला आणि थेट कचेरी गाठली.

डब्यांच्या गोंगाटाने वैतागून साहेब बाहेर आले. कौशल्या पुढे झाली. त्यांनी तिची नोंद काढली. "स्वतःचं घर, कार, नवरा मॅनेजर. हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं साहेब. खोटं सांगितलं. पोरीच्या लग्नाचा माणूस समजले."

चारी बाजूंनी मोबाईल वर झाले. साहेब हसले. "तेव्हा खोटं बोललात, तर आज खरं बोलताय कशावरून?"

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि तो त्यांच्यापुढे उपडा केला. आतून काहीच पडलं नाही. "याच्यावरून," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.

"अर्ज द्या, बघू," म्हणून साहेब आत गेले. मिळालं ते एवढंच.

संध्याकाळ व्हायच्या आत व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरला. चूल थंडच होती. फोन वाजला, लक्ष्मीदेवींचा. कौशल्याने सौम्याकडे पाहिलं. सौम्याने मान खाली घातली.

"अक्का," पलीकडचा आवाज अगदी हळू होता, "माझा मुलगा इथे नाही, म्हणून बोलते. त्या कचेरीपुढे किती वाजता बसता तुम्ही?"

"का हो?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग लक्ष्मीदेवी म्हणाल्या, "कार आमचीही नाही. आमचंबी कार्ड गेलं. दोन दिवस झाले, घरात तांदूळ नाही."

कौशल्याने डोळे पुसले. "उद्या दहाला या," ती म्हणाली. "येताना डबा आणा."