शांत बेटावरची कुलूपबंद होडी

मी एक होडी बोलतेय. लाकूड म्हणाल तर माझ्यात कुसळभरही नाही, आणि पाण्यात मी अजून एकदाही भिजलेली नाही. मी संगणकातल्या एका चित्रातली होडी आहे. एक शांत बेट, त्यावर माड, मागे टेकडी, पुढे लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेली मी. बघणाऱ्याला वाटावं, हिची काय मजा आहे.

मजा कसली डोंबलाची. टेकडीला मागची बाजूच नाही. दिसणार नाही ती करायची कशाला, असा हिशेब. समुद्र चौकटीपुरता, त्यापुढे नुसता राखाडी रंग. सूर्य मावळतीला येऊन जो थांबलाय तो थांबलाच आहे. आणि पडद्याच्या कडेला जिथं माझं नाव लिहिलंय, तिथं कुलपाचं बारीकसं चिन्ह आहे. चुकून हात लागून वस्तू जागची हलू नये म्हणून अशी कुलपं घालतात. माझं घातलं ते काढायचं नाव नाही.

मला घडवणारीचं घरातलं नाव चिमणी. वय चाळिशीला टेकलंय, चष्म्याचा नंबर वाढतोय, पण वडिलांच्या तोंडी ती अजून चिमणीच. एका लांबट खोक्यापासून तिनं मला केलं. खोक्याची टोकं ओढली, पोट फुगवलं, वरून जुन्या फळ्यांचा फोटो चढवला आणि दोर घासेल तिथला रंग थोडा उडवला. मग खुर्चीत मागे रेलून तिनं हाक मारली, "बाबा, होडी बघा."

बाबा भिंतीला धरत धरत आले. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस. आता दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकलेत, म्हणून एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, हातात जाड सुया टोचून घ्यायच्या आणि अंगातलं सगळं रक्त यंत्रातून गाळून निघेपर्यंत न हलता पडून राहायचं. समोर कोरी भिंत. त्या भिंतीवर मोठा पडदा लावून रुग्णांना काहीतरी शांत दाखवावं असं दवाखान्याच्या व्यवस्थापकांच्या मनात आलं, आणि ते काम चिमणीला मिळालं. म्हणजे मी जन्मले ती बाबांच्याच समोरच्या भिंतीसाठी.

"छान आहे," बाबा म्हणाले. "ही जाणार कुठं?"

"सगळ्यात शेवटी हिची हालचाल करणार. दोर सुटेल आणि ती हळूहळू समुद्रात जाईल."

हे ऐकून मी जी आशेला लागले ती लागलेच.

त्याच आठवड्यात बाबा दवाखान्यातून आले ते थेट तिच्या खोलीत येऊन बसले. "चिमणे, पुरे झालं आता. मी यापुढे जाणार नाही," असं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. न गेल्यावर काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. चिमणीनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "माझं चित्र भिंतीवर लागेपर्यंत तरी चला. तुमच्यासाठीच करतेय."

"बरं. ते एकदा बघेन आणि थांबेन. मग हट्ट करायचा नाही."

तिनं मान डोलावली.

तेव्हापासून आमच्या बेटाचं काम रखडलं ते रखडलंच. आज माड उंच कर, उद्या ठेंगणे कर. आज किनाऱ्यावर खडक ठेव, उद्या उचल. दर वेळी नव्या नावानं चित्र जपून ठेवायची: 'बेट अंतिम', 'बेट अंतिम नवं', 'बेट खरंच अंतिम'. मला कधी ती डोळ्याआड करायची आणि तासाभरानं परत आणायची. व्यवस्थापकांचे फोन यायचे. "मॅडम, पडदा लावून ठेवलाय, लोक काळ्या काचेकडे बघत पडतात."

"पाण्याची चमक जमत नाहीये अजून," ही सांगायची.

शुद्ध थाप. पाणी केव्हाच जमलं होतं. मला तिचा भयंकर राग यायचा. वाटायचं, बाई, तुला करायचं नसेल तर पुसून टाक, पण असं दावणीला बांधून ठेवू नकोस. बाबांना दिलेला शब्द आणि माझं कुलूप यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबांच्या मात्र आलं. परवा दुपारी ते तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले.

"इथं काल खडक होता."

"बरा दिसत नव्हता."

"परवा नव्हता, काल होता, आज नाही. चिमणे, मी जन्मभर बस चालवलीय. मुद्दाम रखडवलेली गाडी मला कळते." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "चित्र झालंय ना?"

"झालंय," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "कधीच झालंय. पण पूर्ण केलं तर तुम्ही थांबाल."

"थांबेन."

"मग मी नाही करत."

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू या खोलीतून बाहेर कधी पडलीस गं? दवाखाना सोडून? सुयांची मला सवय झालीय. तू माझ्यापायी अशी अडकलीस, ते बघवत नाही."

"मी अडकलेली नाही. मला तुम्ही हवे आहात."

"मलाही तू हवीस. पण मी फार थकलोय, बाळा."

चिमणीनं चष्मा काढून पुसला. मग बाबा म्हणाले, "होडी जाताना बघायची राहिलीय. तेवढी दाखव."

आज सकाळी तिनं माझं कुलूप काढलं. दोर सोडला, मला वाट आखून दिली आणि शेवटचं हलतं चित्र तयार करायची आज्ञा संगणकाला दिली. तो एकेक चित्र रंगवून मागे टाकतोय, आणि दर चित्रात मी धक्क्यापासून थोडी लांब जातेय. पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी भरत चाललीय. ती भरली की काम संपलं. मी इतके दिवस याचीच वाट बघत होते.

पण आता माझं तोंड खोलीकडे वळलंय. बाबांचा खुर्चीतच डोळा लागलाय. सुयांनी गाठी आलेला त्यांचा हात टेबलावर आहे आणि चिमणीनं तो डाव्या हातात धरून ठेवलाय. उजवा हात माउसवर. पडद्यावरचा बाण 'रद्द करा' या बटणावर येऊन थांबलाय. ती ते दाबत नाही, आणि बाण बाजूलाही घेत नाही.

पट्टी थोडीच उरलीय. चिमणे, ऐक माझं. दाब ते बटण. उद्या सांग त्यांना, होडीची चाल जमली नाही, पुन्हा करावी लागेल. खुशाल माझ्यावर ढकल. मला काही जायची घाई नाही.