न पाहिलेली चांदी

विभागप्रमुखांची कीर्ती चांदीच्या कणांवर उभी होती. ते कण इतके बारीक होते की त्यांच्यावर आणखी काही उभे करू नये, ही शंका निदान एखाद्याला तरी यायला हवी होती. ती आली फक्त धाकटीला. धाकटी म्हणजे त्यांच्या पत्नीची सख्खी बहीण. घरचे हे नाव मागल्या दाराने प्रयोगशाळेत शिरले आणि तिथेच कायम झाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर मात्र तिच्याइतका हात कोणाचाच बसलेला नव्हता. हे तिला ठाऊक होते, आणि नम्रतेपायी ते लपवण्याची तिला हौस नव्हती.

कीर्तीचे मूळ एका चित्रफितीत होते. चांदीचे नॅनोकण, म्हणजे काही हजार अणूंची एकेक पुरचुंडी, किंचित ऊब लागताच एकमेकांकडे सरकतात, चिकटतात आणि एकजीव होतात, असे तीत दिसे. अनेक सभांत विद्वानांनी तिच्यापुढे माना डोलावल्या होत्या. मान डोलावण्यासाठी काही समजावे लागत नाही, ही विद्वत्तेची फार मोठी सोय आहे. आता एका कारखान्याच्या अभियंता बाई येणार होत्या. सोल्डरिंगचा डाख देताना लागणाऱ्या झळीवाचून, नुसत्या उबेवर सर्किटचे सांधे जुळतील, अशा आशेवर.

धाकटीचे म्हणणे होते की कण उबेने जुळतच नाहीत. ते दिसावेत म्हणून त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडावा लागतो, आणि तो झोतच त्यांना ढकलून एकत्र आणतो. बघताना काय होते ते सगळ्यांनी बघितले होते. कोणी बघत नसताना काय होते, हे बघण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

"सिद्ध करा," सर सकाळी म्हणाले. नात्याचा वास येऊ नये म्हणून प्रयोगशाळेत ते तिला अहो-जाहो करीत. "बाई येण्याआधी. नाही जमलं, तर त्यांच्यासमोर मुकाट्यानं फितीची री ओढायची, आणि उद्यापासून यंत्र दुसऱ्याच्या हाती."

"आणि जमलं तर?"

"तर बघू."

"बघण्यानंच तर सगळा घोळ झालाय, सर."

तेवढ्यात ताईचा फोन आला. "हे काय ऐकतेय मी? घरच्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडणार आहेस?"

"ताई, मी हातसुद्धा लावत नाहीये त्यांना. नुसता दिवा लावतेय."

"तुझे दिवे माहीत आहेत मला," म्हणत ताईने फोन ठेवला.

यंत्राच्या खोलीत थंडगार अंधार होता आणि निर्वात पंपाची एकसुरी घरघर. मसुराच्या दाण्याएवढ्या तांब्याच्या जाळीवर कण पसरलेले होते. जाळीचे बारीक बारीक खण होते. त्यातला अगदी कडेचा, स्वतः आजवर कधीच न वापरलेला एक तिने निवडला. झोत बंद केला. जाळी फितीतल्याइतकीच तापवली, निवू दिली, मग अगदी मंद झोत सोडला.

पडद्यावर कण एकजीव झालेले होते.

सर मागेच उभे होते. "झोत बंद होता ना?"

"होता."

"तुम्हीच बंद केला होतात?"

"मीच."

"मग यांना आता कोणाची नजर लागली म्हणायची?" सर हसले. नोकरीत हाताखालची आणि नात्यात धाकटी, अशा दुहेरी लहान माणसावर विजय मिळवल्याचे ते हसू होते.

घाबरलेला माणूस चित्राच्या आणखी जवळ जातो. धाकटी मागे सरली. चित्र लहान, आणखी लहान करीत गेली. मग फिक्या पडद्यावर एक काळे कडे उमटले, टेबलावर कपाचे उमटावे तसे. झोत एका जागी रेंगाळला की यंत्रातला कार्बनचा अंश त्याच्या काठाशी असाच साचतो. हे नवख्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. विसरायला मात्र विभागप्रमुख व्हावे लागते. कड्याच्या आत सगळे कण जुळलेले होते. बाहेर, तितकीच ऊब खाऊन, प्रत्येक कण आपापल्या जागी सुटा होता.

"सर, इथं कोणीतरी बसून गेलंय."

सर कड्याकडे वाकून बघू लागले.

"बाईंना दाखवायला एक चांगली जागा हवी होती," सर म्हणाले. "कडेचे खण तुम्ही वापरत नाही, म्हणून सकाळी जरा फिरून आलो. पण मी तापवलं नव्हतं हं काही! गारच होतं सगळं. कण इतके सुरेख जुळत होते, म्हणून तर तिथं..."

आणि ते थांबले. बुद्धिमान माणूस होता. स्वतःचे वाक्य त्यांना ऐकू आले, फक्त जरा उशिरा.

"गार असताना जुळत होते," धाकटी शांतपणे म्हणाली.

"धाकटे," सर हलक्या आवाजात म्हणाले. या खोलीत हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते. "अगं, घरी बोलू ना आपण. ताईला काय वाटेल, जरा विचार कर."

"घरी मी तुम्हाला भाऊजी म्हणते, आणि म्हणत राहीन. इथं हे कडं आहे, सर."

दार वाजले. अभियंता बाई आत आल्या, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थबकल्या. "फीत लावली का?"

"फितीआधी हे बघा," धाकटी म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

बाई पडद्याजवळ वाकल्या. "आतले जुळलेत. बाहेरचे नाहीत. हे वर्तुळ कसलं?"

"सर सांगतील. ही जागा त्यांनीच शोधली आहे."

सरांनी धाकटीकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले. पळवाट दोन्हीकडे नव्हती. "झोताचं," ते म्हणाले. "ऊब पुरत नाही. झोत लागतो."

"म्हणजे प्रत्येक सांध्यावर आम्ही हे धूड बसवायचं?"

"एकेक करून," धाकटी म्हणाली.

बाईंना हसू आवरले नाही. "मग किती तापवलं तर आपोआप जुळतील? की तेही कोणाला माहीत नाही?"

सर यंत्रापासून बाजूला झाले. कोणी न सांगताच त्यांनी खुर्ची धाकटीकडे सरकवली. "यांना विचारा," ते म्हणाले. "यंत्र यांच्याकडे असतं."

धाकटी बसली. तिने झोत बंद केला. पडदा काळा झाला. कोणाचीही नजर न पडलेला एक खण तिने अंदाजाने पुढे घेतला. ऊब फितीपेक्षा बरीच वर चढवून ती मागे रेलली.

"आता थोडा वेळ," ती म्हणाली, "कोणीही बघायचं नाही."