माझ्या पोटातले चार पंतप्रधान

मी एक जुनी लाकडी फ्रेम आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगितलेले बरे. सरकारी कचेरीच्या भिंतीवर इतकी वर्षे काढली असती तर तुमचाही राहिला नसता.

एका सुताराने जुन्या दाराच्या फळीतून मला घडवले. कोपरे असे जुळवले की मधून केससुद्धा जाऊ नये. "ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल," तो म्हणाला. जन्मात तेवढेच काय ते कौतुक माझ्या वाट्याला आले. मग कारकुनाच्या टेबलामागे मला टांगले आणि माझ्या काचेआड पंतप्रधानांचा फोटो बसवला.

पहिले पंतप्रधान दहा वर्षे टिकले. ते काही संत नव्हते, पण निदान त्या चेहऱ्याची मला सवय झाली होती. मग मित्रपक्षाने पाठिंबा काढला, सरकार कोसळले आणि त्यानंतर जी रांग लागली ती विचारू नका. दुसरे अविश्वास ठरावात तीन मतांनी पडले. तिसऱ्यांना त्यांच्याच खासदारांनी सकाळी "तुम्हीच आमचे नेते" म्हणून टाळ्या दिल्या आणि संध्याकाळी घरी पाठवले. चौथे कसे आले, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे. मतदाराला कोणी विचारलेच नाही.

दर वेळी शिपाईकाका कण्हत स्टुलावर चढत आणि नवा फोटो जुन्याच्या पुढे सरकवत. जुना कधी काढत नसत. म्हणत, "काय नेम? हाच परत आला तर शोधत कोण बसणार?" माझे पोट फुगत चालले आणि काच करकरू लागली.

हेही मी सोसले असते. सोसवले नाहीत ते समोरच्या बाकावर येऊन बसणाऱ्या एका बाईचे हेलपाटे. तिचा नवरा दगडखाणीत कामाला होता आणि त्याच्या छातीत धूळ साचली होती. मोठ्या इस्पितळात उपचार सरकारी योजनेतून होणार होते. त्यासाठी या कचेरीतून एक मंजुरीपत्र हवे होते, फक्त एक कागद. तिने अर्ज भरला, नवऱ्याचा फोटो चिकटवला. कारकुनाने अर्धा अर्जावर, अर्धा फोटोवर असा शिक्का मारला. आठ दिवसांत दुसरे पंतप्रधान पडले.

"बाई, हा अर्ज आता चालणार नाही," कारकून म्हणाला. "वर जुन्या साहेबांचा फोटो छापलाय. योजनेचं नावही बदलणार म्हणतात. नवे अर्ज आले की या."

"पण साहेब, धूळ तर तीच आहे ना?"

कारकुनाने मान वर केली नाही. "माझ्या हातात काय आहे, बाई?"

तिने नवऱ्याचा फोटो अलगद सोडवला आणि पुढच्या खेपेला नव्या अर्जावर चिकटवला. तिसरे गेले तेव्हा पुन्हा सोडवला. तिसऱ्या अर्जावर सही उद्या व्हायची होती, आणि त्याच दुपारी कोपऱ्यातल्या टीव्हीवर चौथ्यांचा राजीनामा वाचला गेला. माझ्या काचेआड ते गृहस्थ तेव्हाही हसत होते. मला हात असते तर मी तो फोटो टराटरा फाडला असता. राग येतो तो येतोच, मित्रांनो, मी तो लपवत नाही.

पाचव्यांच्या कार्यालयातून हुकूम आला की सर्व कचेऱ्यांत दीडपट मोठा फोटो लावावा. चकचकीत नवी फ्रेम आली. मला कपाटामागे कोंबले.

काही दिवसांनी बाई आली. या वेळी तिच्या हातात काहीच नव्हते.

"नवे अर्ज आलेत," कारकून लगबगीने म्हणाला. "या वेळी नक्की होईल."

"आता नको, साहेब. गेले ते. अर्जावरचा फोटो तेवढा परत द्या. त्यांचा तेवढा एकच होता."

कारकून खुर्चीतून उठला. त्याला उठलेले मी प्रथमच पाहिले. बराच वेळ खण धुंडाळून त्याने फोटो काढून दिला. शिपाईकाकांनी मला कपाटामागून ओढले, बाहीने पुसले. "ताई, ही घेऊन जा. हिला कोणी विचारत नाही इथं."

घरी तिने माझी पाठ उघडली आणि आत चार हसरे चेहरे निघाले. तिने चौघांनाही उलटे केले आणि सर्वांत वरच्याच्या पांढऱ्या पाठीवर, मधोमध, अंगठ्याएवढा तो फोटो चिकटवला. त्याच्या कोपऱ्यांवर तीन अर्धे शिक्के आहेत. उरलेले अर्धे कचेरीत राहिले.

मित्रांनो, भिंतीवरचा चेहरा बदलायचा तर खुशाल बदला, पण खाली टेबलावर कोणाचा अर्ज पडला आहे तेवढे आधी बघा. एवढे म्हणायलाही मला इतकी वर्षे लागली.

आता चारही पंतप्रधान भिंतीकडे तोंड करून असतात आणि खाणीतला तो माणूस समोर बघतो. रोज सकाळी बाई ओल्या फडक्याने माझी काच पुसते. धुळीचा एक कणही ती त्याच्या तोंडावर बसू देत नाही.