चौकशीच्या खोलीतली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि ज्यांनी माझ्यावर माणसे बसवली त्यांची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते मित्रांनो, मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीने गोड बोलून ऐकायला बसवले.

सुताराने मला चांगल्या सागवानातून घडवले. सरकारी विद्यापीठाच्या वर्गात मी शिक्षकांसाठी आले, पण तिथे माझ्यावर फारसे कुणी बसलेच नाही. चांगले शिकवणारे बसतात कुठे? माझ्या पाठीवर कोट टाकायचे आणि फळ्यापाशी हातवारे करत राहायचे. पोरेही काही कमी नव्हती. "सर, हे नाही पटलं," असे तोंडावर म्हणायची आणि सर पुन्हा पहिल्यापासून समजावायचे. तेवढे सुख मी पाहिले.

मग मला चौकशीच्या खोलीत नेले. तिथे तिघांची समिती शिक्षकांची चौकशी करायची; ज्याला जाब विचारायचा त्याला माझ्यावर बसवायचे. पण मी होते उंच, ऐटदार. बसणारा माणूस समितीच्या डोळ्याला डोळा भिडवू लागला. तर या शिकल्यासवरल्या लोकांनी करवत मागवली आणि माझे चारही पाय चार-चार बोटे कापले. एवढाल्या पदव्या, आणि अक्कल खर्च केली ती दुसऱ्याची हनुवटी टेबलाच्या काठाशी आणण्यात!

कितीतरी माणसे आली. वर्गात काय बोललात, कुणाला भाषणाला बोलावलेत, हेच प्रश्न. शेवटी कागदावर एकच ओळ: समितीचे मत प्रतिकूल. मत कुणाचे, कशामुळे, काही पत्ता नाही. माणूस मात्र घरी बसायचा.

पुढे सरकारने कायदा केला. शिकवल्याबद्दल किंवा बोलल्याबद्दल सरकारी विद्यापीठातून कुणाला काढता येणार नाही. चूक काढायचीच असेल तर समितीतल्या प्रत्येकाने ती आपल्या हाताने लिहायची, सही करायची आणि तो कागद सगळ्यांना वाचायला ठेवायचा. समितीने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, कायदा चौकटीत घालून भिंतीवर टांगला. दुसऱ्याच आठवड्यात बाटलीवाल्या बाईंना बोलावणे धाडले.

या रसायनशास्त्राच्या बाई. पिशवीत कायम पाण्याच्या बाटल्या, म्हणून पोरांनी पाडलेले नाव. त्यांनी वर्गात नदीचे पाणी तपासून दाखवले आणि त्यातले विष कुठल्या कारखान्यातून येते तेही सांगितले. त्याच कारखानदाराने विद्यापीठाला नवी इमारत बांधून दिली होती. बाईंची नोकरी जाणार, हे शिपायालाही ठाऊक होते.

"मॅडम, कायद्याचा इथं संबंधच नाही," तिघांतले अध्यक्ष मधाळ आवाजात म्हणाले. "तुमचा फक्त सूर चुकला."

"मी गाणं नाही शिकवत, सर. आकडे शिकवते. कोणता आकडा चुकला?"

"तसं नाही हो. समितीला आपलं एकूणच वाटतं की..."

"समितीला म्हणजे कुणाला?" बाईंनी तीन कोरे कागद टेबलावर सरकवले. "एकेक घ्या. माझी चूक लिहा आणि खाली सही करा. कायदा तुमच्याच पाठीमागं टांगलाय."

अध्यक्ष चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावर होता. दुसऱ्याने न वाजलेला फोन कानाला लावला. तिसरे बाईंच्याच विभागाचे प्रमुख. ते छताकडे बघत बसले.

"सर, तुम्ही तरी लिहा. काल जिन्यात म्हणालात, मी तुमच्या पाठीशी आहे. आज समोर बसलात."

"अहो, माझी दोनच वर्षं राहिलीत निवृत्तीला," ते पुटपुटले.

कागद कोरेच राहिले. कोपऱ्यात टिपणे घेणाऱ्या कारकुनाने शेवटी 'आरोप मागे' असे लिहिले. बाईंच्या तासाची वेळ झाली होती. त्या उठल्या आणि त्याच नदीचा उरलेला धडा शिकवायला गेल्या.

त्यांना बाईंचे पटले, असे मात्र समजू नका. आपले नाव उघडे पडेल, एवढीच त्यांना धास्ती. दुसऱ्याच्या पोटावर पाय देताना कचरले नाहीत, सही करताना कचरले. थू तुमच्या शिक्षणावर.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आमची निगा राखा. मी नाही म्हणणार. त्या दिवशी बाई उठून गेल्यापासून माझ्यावर कुणी बसलेले नाही. बोटभर धूळ साचली आहे, ती तशीच राहू द्या. फक्त येता-जाता खिडकीतून माझ्याकडे बघत जा. ज्या दिवशी मी स्वच्छ पुसलेली दिसेन, त्या दिवशी दार वाजवा आणि विचारा, आज कुणाला बोलावलंय?