एक जूनची वही

मी एक जुनी वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची आणि दोन्ही हातांनी उचलावी लागते इतकी जाड. शाळेत मला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण माझ्यात असतं. मित्रांनो, तुम्ही केक कापून वाढदिवस करता ना? करा. पण सरकारदरबारी तो खरा कधी, हे मी सांगते!

शहाद्याच्या एका छापखान्यात माझी शिलाई झाली. तिथून जीपच्या टपावर बसून, धडगावच्या घाटात दोनदा घसरत, मी सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत पोचले. गिरधर गुरुजींनी मला हळदकुंकू वाहिलं. त्यांचं अक्षर इतकं सुबक की तपासणीला आलेले साहेब माझी पानं उलटत आणि “वा!” म्हणत. मग मी आठवडाभर फुगून बसायची.

माझी एक गंमत सांगते. तेव्हा मला ती गंमतच वाटायची. माझ्यातली बहुतेक सगळी मुलं एकाच दिवशी जन्मली आहेत, एक जूनला. पाड्यावर बाळंतपणं घरीच व्हायची, तारीख कोण लिहून ठेवणार? आया सांगायच्या, मोहाची फुलं पडत होती तेव्हा झाला, नदी चढली त्या वर्षी झाली. गुरुजी खालच्या मुलखातले, अहिराणी बोलणारे. आयांची पावरी बोली त्यांना अर्धीच कळायची, आणि माझ्या रकान्यात मोह काही मावत नव्हता. मग ते मुलाला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कानाला बोटं लागली की मूल सहा वर्षांचं झालं. लिहा एक जून.

दोन हजार पंधराच्या जूनमध्ये रूपलीबाई तिच्या दामिनीला घेऊन आली. दामिनीला सात पुरी झाली होती. तिच्या कडेवर धाकटा भाऊ लखन होता, नुसता शाळा बघायला आलेला. पटावर वीस मुलं भरली तरच दुसऱ्या गुरुजींची जागा टिकणार होती, आणि दामिनी धरून एकोणीस होत होती. गुरुजींची नजर लखनवर गेली. अंगाने किडकिडीत, पण उंच आणि लांब हातांचा. त्यालाही कान धरायला लावला. बोटं पोचेनात, तेव्हा गुरुजींनी त्याची मान जराशी कलती केली. पोचली!

“मोठा शे हाऊ, चाली जाई,” गुरुजी म्हणाले. म्हणजे हा मोठा आहे, चालून जाईल.

रूपलीबाई सांगत होती की याला या होळीला पाचच पुरी झाली. गुरुजींनी मान हलवली आणि दोन्ही भावंडं एकाखाली एक लिहिली. आई एक, तारीखही एक : एक जून दोन हजार नऊ. रूपलीबाईने अर्जावर अंगठा उठवला. वीस झाले म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मीही खूश होते.

पुढे संगणक आला आणि मला कपाटात, खिचडीच्या तांदळाच्या गोण्यांमागे ढकललं. उंदरांनी माझ्या कडा खाल्ल्या. गुरुजी निवृत्त झाले. लखनच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असं लिहिलं गेलं. तो बापाबरोबर खाली ऊसतोडीला जायला लागला होता. तो का येत नाही, हे विचारायला कुणी गेलं नाही. तसा रकानाच नाही माझ्यात.

गेल्या नोव्हेंबरात ब्राह्मणपुरीकडच्या ऊसतोडीच्या तळावर मोबाइलवरून भांडण झालं. लखनने धर्मेंद्रच्या मानेवर कोयता मारला. धर्मेंद्र दवाखान्यात पोचलाच नाही. त्याचं नाव माझ्यात लखनच्या वर तीनच ओळी आहे. दोघं एकाच बाकावर बसायचे.

आणि एकाएकी मी मोलाची झाले. आताच्या मुख्याध्यापक बाईंनी मला फडक्यात गुंडाळून एसटीने जिल्ह्याच्या गावी नेलं. सोळा पुरी झालेल्या मुलाने असा भयंकर गुन्हा केला, तर त्याला मोठ्या माणसांसारखं खटल्यात उभं करायचं का, हे तिथलं बाल न्याय मंडळ तपासून ठरवतं. सोळाच्या आतल्याला तसं उभं करताच येत नाही. माझ्या हिशेबाने लखन सोळा वर्षं पाच महिन्यांचा होता. आईच्या हिशेबाने पंधरा वर्षं आठ महिन्यांचा.

व्हरांड्यात धर्मेंद्रची आई छबूबाई भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी म्हणालं, लहान आहे गं पोरगा. ती म्हणाली, “मारताना त्याचा हात लहान नव्हता.”  

आत मला उघडलं. एका आईची दोन मुलं एकाच दिवशी कशी, असं विचारलं. दामिनी आता अकरावीत आहे, तिला पोलीस भरतीत जायचंय. ती म्हणाली, “मी मोठी आहे. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत आले होते.” रूपलीबाईचं बोलणं दुभाष्याने मराठीत सांगितलं : “मी दोनदा बाळंत झाले. मला दोन्ही वेळचं दुखणं आठवतं.”

मग गिरधर गुरुजींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक तारीख खोटी म्हटली, तर सगळी पानं खोटी. एवढी वर्षं, एवढं सुबक अक्षर! ते घसा खाकरून म्हणाले, “जुळे असतील, साहेब. पालकांनी सांगितलं तसं मी लिहिलं.”

अर्जाखाली रूपलीबाईचा अंगठा होताच. माझंच खरं धरलं गेलं. पुढच्या तपासणीनंतर लखनला मोठ्यांच्या खटल्यात उभं करायचं ठरलं.

बाहेर आल्यावर गुरुजी दामिनीला हळूच म्हणाले, अगं, तारीख खोटी ठरली असती तर तुझाही दाखला गेला असता. ती म्हणाली, “जाऊ द्यायचा होता, गुरुजी.”

मित्रांनो, लखनने एक जीव घेतला आहे. त्याला काय शिक्षा व्हावी, हे मी कोण सांगणार? छबूबाईसमोर तर मुळीच नाही. पण ते ठरवायला जे वय धरलं, ते एका कलत्या मानेचं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. सरकारी वहीला तोंड नसतं, नुसती पानं असतात.

मला जपा, वाळवीपासून वाचवा, असं मी म्हणणार नाही. लागली तर लागू द्या वाळवी. एवढंच करा : पुढे तुमच्यातलं कुणी गुरुजी झालं, बाई झालं, आणि जूनमध्ये एखादी आई लेकराला घेऊन दारात उभी राहिली, तर लेकराचा हात सोडा. आधी तिला बसायला सांगा.